आडव्या वाऱ्यात लहान विमान उतरवताना: नवशिक्या वैमानिकांसाठी

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत आपण अनेकदा बसला असाल. पुढच्या वेळी ओहोटी असताना बसाल, तेव्हा बोटीच्या नाकाकडे नीट पाहावे. मांडवीचे पाणी समुद्राकडे ओढत असल्यामुळे बोट चालवणारा नाक समोरच्या धक्क्यावर न रोखता प्रवाहाच्या विरुद्ध अंगाला थोडे वळवून धरतो. बोट तोंड एकीकडे करून दुसरीकडेच निघाल्यासारखी दिसते, आणि तरीही ती नेमकी धक्क्याकडेच सरकत असते. धक्का अगदी जवळ आला की तो बोट सरळ करतो, कारण तिरक्या बोटीची फळी धक्क्यावर नीट बसणार नाही. आडव्या वाऱ्यात विमान उतरवण्याची निम्मी विद्या या पाच-सात मिनिटांच्या प्रवासात दिसते. उरलेली निम्मी धावपट्टीवर चाके टेकल्यानंतर सुरू होते, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका त्या दुसऱ्या निम्म्यात होतात.

हा लेख सेसना १५२, सेसना १७२ किंवा पायपर चेरोकी यांसारख्या, नाकाखाली चाक असलेल्या एक इंजिनाच्या प्रशिक्षण विमानांसाठी आहे. गोव्यातील मुले हे शिक्षण घेण्यासाठी बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी घाटापलीकडे जातात. उदाहरणे मात्र मी आपल्या ओळखीच्या वाऱ्याची आणि जमिनीची घेतली आहेत. दाबोळीची धावपट्टी मी केवळ हिशेबासाठी वापरणार आहे; तो नौदलाचा तळ आहे, शिकाऊ वैमानिकाच्या सरावाची जागा नव्हे. येथे लिहिलेली कोणतीही कृती प्रथम प्रशिक्षकाला शेजारी बसवूनच करावी आणि आपल्या विमानाच्या पुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल तर पुस्तिकेचेच ऐकावे.

वाऱ्याचा हिशेब

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले होते. गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत ते रोज अनुभवाला येतात. पहाटे जमिनीकडून मंद मतलई वाहते, दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो, आणि दुपारी समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा जोर धरतो. दाबोळीची धावपट्टी ०८/२६ आहे, म्हणजे तिची दिशा साधारण ८० आणि २६० अंश. दुपारी वारा ३१० अंशांवरून १२ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेगाने येत असेल, तर २६ वर उतरणाऱ्या विमानाला तो उजव्या बाजूने ५० अंशांचा कोन करून लागतो.

आता त्या १२ नॉटपैकी आडवा किती, हे काढायचे. त्रिकोणमिती आठवत असेल तर ५० अंशांचा साइन सुमारे ०.७७ असतो, त्यामुळे आडवा भाग साधारण ९ नॉट आणि समोरून येणारा भाग साधारण ८ नॉट निघतो. कॉकपिटमध्ये मात्र साइन आठवत बसायला वेळ नसतो. तेथे घड्याळाची युक्ती पुरते: कोन १५ अंश असेल तर वाऱ्याचा पाव भाग आडवा, ३० असेल तर अर्धा, ४५ असेल तर पाऊण, आणि ६० किंवा त्याहून अधिक असेल तर सगळाच वारा आडवा धरावा. हा हिशेब खऱ्या आकड्यापेक्षा जरा जास्त भरतो, पण चूक सुरक्षित बाजूची असल्याने ती चालते. वारा झोताने येत असेल, ज्याला रेडिओवर ‘गस्टिंग’ म्हणतात, तर हिशेब सरासरी वाऱ्यावर न करता झोताच्या आकड्यावर करावा.

येथे एक बारीक मुद्दा सांगतो, कारण परीक्षेत तो हमखास विचारला जातो. हवामानाच्या लिखित अहवालातील वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते, तर टॉवरवरून उतरताना सांगितली जाणारी दिशा चुंबकीय उत्तरेपासून. धावपट्टीचा क्रमांकही चुंबकीय दिशेवरूनच पडतो. गोव्यात या दोन उत्तरांमधला फरक जेमतेम एका अंशाच्या आसपास असल्याने प्रत्यक्षात काही बिघडत नाही. जगात अशी ठिकाणे आहेत जिथे तो वीस अंशांपर्यंत जातो, आणि तेथे हा मुद्दा परीक्षेपुरता राहत नाही.

टॉवर नसलेल्या धावपट्टीवर विंडसॉक हाच खरा साक्षीदार असतो. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची ती कापडी नळी किती फुगली आहे याहूनही ती किती वळवळते आहे, हे पाहावे. ताठ पण स्थिर विंडसॉक मला अर्धवट लोंबत चहूकडे फिरणाऱ्या विंडसॉकपेक्षा परवडतो.

किती वारा आपल्याला झेपेल, हे उड्डाणापूर्वी जमिनीवर ठरवावे. सेसना १७२ एसच्या पुस्तिकेत १५ नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा आहे. ती कायद्याने घातलेली मर्यादा नाही. कंपनीच्या कसलेल्या वैमानिकाने तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवले आहे, इतकाच त्याचा अर्थ. तो वैमानिक आपण नाही. एकट्याने उडण्याच्या पहिल्या काही दिवसांत ५ ते ७ नॉटपेक्षा जास्त आडवा वारा असेल तर खाटेवर पडून पुस्तक वाचावे, असे माझे मत आहे, आणि बहुतेक प्रशिक्षण संस्थाही शिकाऊंना पुस्तिकेपेक्षा बरीच कमी मर्यादा घालून देतात.

सर्किटमध्ये असतानाच

आडव्या वाऱ्याचा विचार फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे येणाऱ्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, सुरू करणाऱ्याला तोवर उशीर झालेला असतो. २६ धावपट्टीसाठी डाव्या वळणांचे सर्किट, म्हणजे उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या बाजूने घालायची चौकोनी फेरी, धरा आणि वारा पावसाळी, म्हणजे नैर्ऋत्येचा, २२० अंशांवरून येतो आहे असे माना. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट दिशेच्या टप्प्यावर, आपण धावपट्टीच्या दक्षिणेने पूर्वेकडे जात असता आणि वारा विमानाला हळूहळू धावपट्टीकडे ढकलत असतो. नाक उजवीकडे, वाऱ्याच्या अंगाला, चार-पाच अंश वळवून धरले नाही तर धावपट्टी नकळत पंखाखाली येते. पुढे बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर, वळलात की विमान उत्तरेकडे निघते आणि तोच वारा आता पाठीमागून रेटतो. जमिनीवरून पाहता विमान नेहमीपेक्षा वेगाने सरकते, फायनलचे वळण उशिरा होते आणि विमान मध्यरेषा ओलांडून पलीकडे जाते.

या लेखातील सर्वांत धोकादायक क्षण हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. मध्यरेषा निसटते आहे हे दिसताच शिकाऊ माणूस घाबरून वळण आवळू पाहतो. पण उंची कमी असल्याने पंख जास्त कलवायची भीती वाटते, म्हणून तो वळणाच्या आतल्या पायाने रडर (शेपटावरचे, पेडलने हलणारे उभे सुकाणू) दाबून नाक फिरवतो आणि नाक खाली जाऊ लागले की योक (हातातले चालवण्याचे चाक) मागे ओढतो. आतला पंख मंदावतो, बाहेरचा वेगाने जातो, आणि विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, आतल्या पंखावर कोसळते. पाचशे फुटांवर त्यातून सावरायला जागा उरत नाही. म्हणून नियम साधा ठेवावा: बेसवर वारा पाठीमागे असेल तर वळण लवकर सुरू करावे, पंख ३० अंशांपेक्षा जास्त कलवू नयेत, आणि मध्यरेषा निसटलीच तर मुकाट्याने थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पुढे करून पुन्हा सर्किट घ्यावे. वायव्येचा वारा असेल तर याच्या उलट घडते. बेसवर वारा समोरून येतो, विमान रेंगाळते आणि घाईने वळल्यास मध्यरेषेच्या अलीकडेच राहते. त्यात फक्त वेळ जातो.

फायनलवर: हाताचे काम आणि पायाचे काम

आता पुन्हा ३१० अंशांवरून येणारा १२ नॉटचा वारा घेऊ. विमानाचा वेग ६५ नॉट आणि आडवा वारा ९ नॉट असेल तर मध्यरेषेवर टिकण्यासाठी नाक सुमारे ८ अंश उजवीकडे, म्हणजे २६८ वर ठेवावे लागते. पंख समतल, पाय मोकळे, नाक तिरके आणि वाट सरळ. या अवस्थेला ‘क्रॅब’, म्हणजे खेकडा, म्हणतात, आणि ज्याने वाळूत तिरपी धावणारी कुर्ली पाहिली आहे त्याला या शब्दाचा खुलासा करावा लागत नाही. आठ हा आकडा पाठ करू नये. समोरच्या काचेवरचा एखादा ठिपका धरावा, धावपट्टीचे टोक त्याच्या तुलनेत डावीकडे सरकते आहे की उजवीकडे हे पाहावे, आणि सरकणे थांबेपर्यंत नाक थोडे थोडे हलवावे.

असेच तिरके राहून चाके टेकवता येत नाहीत. मोठ्या प्रवासी विमानांचे तिरके उतरण्याचे व्हिडिओ मोबाइलवर पाहून आलेला एखादा विद्यार्थी दरवर्षी भेटतो. त्या विमानांची चाके आणि पाय मर्यादेत तसा धक्का सोसण्यासाठी बांधलेले असतात. आपल्या लहान विमानाच्या चाकांना आडवा ताण बसला की टायर घासतो, पायाच्या जोडणीवर भार येतो आणि टेकताक्षणीच विमान बाजूला उडी घेते. म्हणून टेकण्यापूर्वी नाक धावपट्टीच्या रेषेत आणावेच लागते, आणि नाक सरळ केले की वारा विमानाला पुन्हा बाजूला ढकलू लागतो. हा पेच वाऱ्याकडचा पंख खाली करून सुटतो.

उजवीकडून वारा असेल तर योक उजवीकडे वळवून उजवा पंख किंचित खाली करावा. विमान आता उजवीकडे, वाऱ्याच्या तोंडी, घसरू पाहते आणि वाऱ्याचे ढकलणे भरून निघते. त्याच वेळी विमान उजवीकडे वळूही पाहते. ते होऊ नये म्हणून डाव्या पायाने रडर दाबून नाक मध्यरेषेशी समांतर धरावे. हात एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, ही गोष्ट सुरुवातीला अत्यंत विचित्र वाटते, कारण तोवर आपण प्रत्येक वळणात दोन्ही एकाच बाजूला वापरायला शिकलेलो असतो.

येथे विद्यार्थी गोंधळतो तो दोन कामांची सरमिसळ करून. विमान मध्यरेषेपासून डावीकडे सरकते आहे, हे काम हाताचे: पंख आणखी थोडा खाली करायचा. नाक मध्यरेषेकडे न पाहता तिरके पाहते आहे, हे काम पायाचे. सरकणे पायाने थांबवायला गेलात की नाक फिरते, आणि नाक हाताने सरळ करायला गेलात की विमान बाजूला पळते. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक क्षणी मनात दोनच प्रश्न विचारायला सांगतो: मी सरकतो आहे का? माझे नाक कुठे आहे? पहिल्याचे उत्तर हाताने द्यायचे, दुसऱ्याचे पायाने. योक किती अंश वळवले आणि पेडल किती इंच दाबले, याला काही अर्थ नाही. वारा जमिनीजवळ येताना सतत बदलतो, त्यामुळे दोन्ही उत्तरेही सतत बदलतात.

क्रॅबमधून या अवस्थेत केव्हा यायचे? अनुभवी माणूस ते फ्लेअरच्या, म्हणजे टेकण्यापूर्वी नाक हलकेच उचलण्याच्या, आधी दोन-तीन सेकंदांत करतो. नवशिक्याने ते २०० ते ३०० फुटांवरच करावे आणि तसेच खाली यावे. हात-पाय स्थिरावायला वेळ मिळतो. त्याचा आणखी एक फायदा असा, की वारा आपल्या विमानाला झेपण्यासारखा आहे की नाही हे तिथेच कळते. डावा पाय पेडलच्या शेवटापर्यंत दाबूनही नाक सरळ राहत नसेल, तर उत्तर मिळाले: या धावपट्टीवर या घडीला उतरता येणार नाही. थ्रॉटल पुढे करावे, वर जावे आणि वारा पडेपर्यंत थांबावे किंवा दुसरी धावपट्टी गाठावी.

या अवस्थेत हवेचा अडथळा वाढतो आणि विमान नेहमीपेक्षा वेगाने खाली येते, म्हणून थोडी ताकद जास्त ठेवावी लागते. झोत असतील तर झोत आणि सरासरी यांतील फरकाच्या निम्मा वेग अधिक धरावा. १० नॉट वारा आणि १८ पर्यंत झोत असतील तर ४ नॉट अधिक. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली सोडायच्या पट्ट्या) धावपट्टीच्या लांबीला पुरतील इतकेच कमी घ्यावेत. सेसना १७२च्या पुस्तिकेत २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅप असताना तीव्र तिरकी घसरण टाळा अशी सूचना आहे, ती वाचून ठेवावी.

कोकण आणि गोव्यातील विमानतळांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मोपा काय, सिंधुदुर्गातील चिपी काय, दोन्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच सपाट माथ्यावर, बांधलेले आहेत. सड्यावर चरायला गेलेल्या गुरांमागे जो कधी चालला असेल, त्याला कड्याजवळचा वारा माहीत असतो: खालून चढून येतो, कडेवर उसळतो आणि थोडे आत गेले की एकदम निवतो. ज्या धावपट्टीचे टोक अशा कड्याजवळ असते, तेथे शेवटच्या शंभर-दोनशे फुटांत विमान एकदा उचलल्यासारखे आणि मग सोडून दिल्यासारखे होऊ शकते. तेथे टेकण्याची जागा थोडी आत धरावी आणि थ्रॉटलवरचा हात उचलू नये.

टेकणे

फ्लेअर नेहमीसारखाच करायचा. फरक इतकाच, की वेग कमी होत जातो तसे एलेरॉन (योकने हलणाऱ्या, पंख कलवणाऱ्या पट्ट्या) आणि रडर दोन्ही निकामी होऊ लागतात, म्हणून तोच परिणाम टिकवण्यासाठी दोन्ही हळूहळू वाढवत न्यावे लागतात. शेवटच्या क्षणी पंख समतल करण्याचा मोह होतो, कारण इतके दिवस तसेच शिकवलेले असते. तो टाळावा. उजवे चाक आधी टेकेल, एकटे, आणि ते तसेच टेकायला हवे. एक-दोन सेकंदांत डावे टेकेल, मग नाकाखालचे. चेरोकीसारख्या विमानात नाकाखालचे चाक पेडलशी थेट जोडलेले असते. पाय दाबलेला असतानाच ते टेकले तर विमान त्या बाजूला झटका देते, म्हणून ते टेकण्याच्या क्षणी पेडल मध्यावर आणावे.

चाके टेकल्यानंतर

शिकाऊ असतानाची एक गोष्ट सांगतो. घाटापलीकडच्या एका प्रशिक्षण संस्थेत दुपारी डावीकडून आठ-दहा नॉटचा वारा होता. डावे चाक इतके अलगद टेकले की मला स्वतःचेच कौतुक वाटले, आणि त्या कौतुकात मी योक मध्यावर सोडून दिले. दोन क्षण काही झाले नाही. मग डावा पंख हलकेच वर उचलला गेला, नाक वाऱ्याकडे वळले आणि पांढरी कडेची रेषा काचेत मोठी होऊ लागली. प्रशिक्षकांनी काही न बोलता योक डावीकडे पूर्ण वळवले आणि उजवे पेडल दाबले. विमान थांबले तेव्हा डावे चाक गवतापासून हातभर अंतरावर होते. “विमान दाव्याला बांधलंस का?” त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. “मग हात का सोडलास?”

झाले ते असे. विमानाचे शेपूट घरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यासारखे असते. वारा त्याला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळते. हवेत असताना चाके जमिनीला धरून नसतात, त्यामुळे फारसे बिघडत नाही. जमिनीवर मात्र विमान मध्यभागी चाकांवर अडलेले असते आणि वळणाच्या ओघात बाहेरच्या बाजूला झुकते, म्हणजे वाऱ्याकडचा पंख आणखी उचलला जातो. वेग ओसरत असल्याने त्याला खाली दाबायला एलेरॉन जास्त लागतो. म्हणून टेकल्यावर योक वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यायचे, आणि विमान चालण्याच्या वेगावर येईपर्यंत ते त्या बाजूला पूर्ण वळलेले असायला हवे. नाक सरळ ठेवण्याचे काम पायांचे आहे. ब्रेक सगळी चाके जमिनीवर बसल्यावरच, दोन्ही पायांनी सारखा आणि हलका.

धावपट्टी ओली असेल तर चाके पाण्यावर तरंगण्याचा धोका असतो. टायरमधील, पौंड प्रति चौरस इंचात मोजलेल्या दाबाचे वर्गमूळ काढून नऊने गुणले की तो वेग नॉटमध्ये मिळतो. दाब ३६ असेल तर ५४ नॉट. त्यावरच्या वेगाला ब्रेकही धरत नाही आणि चाके वाऱ्याला अडवतही नाहीत. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात आषाढातल्या आडव्या वाऱ्यात सराव करण्याची हौस कोणी धरू नये.

पुन्हा वर जाणे

टेकल्यावर उसळी बसली, विमान सरकू लागले, किंवा नाक फिरलेले असताना चाके टेकणार असे दिसले, तर उतरणे रद्द करावे. थ्रॉटल पूर्ण, पंख समतल, वेग सावरला की फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर. आडव्या वाऱ्यात यातली एक पायरी विसरली जाते: विमान वर उठताच ते पुन्हा क्रॅबमध्ये घालावे लागते, नाहीतर वारा त्याला कडेच्या झाडांकडे किंवा इमारतींकडे नेतो.

या सगळ्याचा सराव करताना उतरण्याची घाई करू नये. प्रशिक्षकाकडे एक लांब धावपट्टी आणि गर्दी नसलेली वेळ मागून घ्यावी, आणि दोन-चार फेऱ्या मध्यरेषेवरून दहा-पंधरा फुटांवर, चाके न टेकवता, फक्त पंख खाली आणि नाक सरळ ठेवून माराव्यात. अशा एका फेरीत हाता-पायांना जी वीस सेकंदे मिळतात, ती नेहमीच्या उतरण्यात तीनच मिळतात.

टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीवरून विमानाच्या जागेकडे नेणाऱ्या वाटेवर, वळल्यानंतरही योक मोकळे सोडता येत नाही. वारा पुढून बाजूने येत असेल तर योक वाऱ्याकडे वळवावे. मागून बाजूने येत असेल तर वाऱ्यापासून दूर वळवून पुढे ढकलावे, म्हणजे मागून आलेला वारा पंखाखाली किंवा शेपटाखाली शिरत नाही. जागेवर पोहोचून इंजिन बंद केल्यावर चाकांना ठोकळे लावावेत, योकला लॉक घालावे आणि पंखांचे दोर बांधावेत. दोर बांधताना विंडसॉककडे एकदा पाहावे. दुपारी तीनला तो अजून वायव्येकडूनच फुगलेला असेल.